पश्चिम टोकाची भिंत

११ फेब्रुवारी

काल सुरूच्या झाडाखाली सभा झाली आणि गावाने मला कौन्सिलर केलं. जुना कौन्सिलर मुलाकडे डारू शहरात राहायला गेला. जाताना शिक्का आणि शाईची डबी माझ्या बायकोच्या हातात देऊन गेला, माझ्या नाही. पास्टर म्हणाला, "ओबेद, आता लिहून ठेवत जा. उद्या जिल्ह्याचे लोक विचारतील आपल्या तुरुबादा गावात काय काय झालं, तेव्हा डोकं खाजवत बसू नकोस." म्हणून ही वही.

तर लिहितो. गेल्या आठवड्याच्या उधाणात समुद्राकडची घरांची रांग गेली. खांब उभे आहेत, घरं नाहीत. जोनाच्या घराचा जिना तेवढा राहिलाय. आज सकाळी तो त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चहा पीत होता. मी म्हटलं, "काय रे, कुठे चढतोयस?"

"स्वर्गात," म्हणाला. "तू कौन्सिलर झालास. आता दुसरीकडे जायला जागा उरली नाही."

गावात असली माणसं आहेत. यांचा मी कौन्सिलर.

१५ फेब्रुवारी

पुन्हा सभा. थोरली बहीण डोर्कस उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओब्या, समुद्र दर वर्षी एक पाऊल पुढे येतो. तो मागे जाणार नाही, तेव्हा आपण जाऊ. खाडीने वर उपियाराला चला. उंच जमीन आहे, गोडं पाणी आहे."

बायकांनी माना डोलावल्या. मी बोललो, आणि चांगला बोललो असं मला वाटतं. म्हटलं, सीमेच्या करारात तुरुबादाचं नाव आहे, उपियाराचं नाही. म्हणून तर मी सही केलेल्या पासावर आपली होडी पलीकडे ऑस्ट्रेलियात, इगाबा बेटावर जाते. पासपोर्ट नाही, काही नाही. आपल्या बहिणी तिथे दिल्यात, आपल्या चिंबोऱ्या आणि चटया तिथे विकल्या जातात, माणूस आजारी पडलं तर तिथला दवाखाना जवळ. वर गेलो तर आपण झुडपातले होऊ. मग लेकीला भेटायला पासपोर्ट काढा. तो काढायला आधी राजधानीला जा!

हे बोललो आणि सगळे इगाबाकडे बघायला लागले. माझी मिल्का गेल्या वर्षीच इगाबाला दिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते बेट इथून दिसतं. हवा स्वच्छ असली की त्यांची पाण्याची टाकीसुद्धा दिसते.

ठरलं. भिंत बांधायची. कांदळाचे खांब दुहेरी रोवायचे, मध्ये दगड आणि चिखल. केझिया, माझी बायको, उठून निघाली. घरी येऊन तिने मासे साफ केले.

३ मार्च

वारा अजून वायव्येचाच आहे, पण ओहोटी चांगली मिळाली. भिंतीची सुरुवात केली. पश्चिम टोकाकडून.

जोना कुरकुरला. "घरं पूर्वेला, माणसं पूर्वेला, आणि भिंत पश्चिमेला? तिकडे कोण राहतं? कबरी! मेलेल्यांना पोहता येतं का नाही, याची काळजी तुला कशाला?"

मी त्याला समजावलं की ओढ पश्चिमेकडून आहे. पाणी आधी तिथे खातं आणि मग गावात शिरतं. हा साधा पाण्याचा हिशोब आहे, मी आयुष्यभर होडी हाकली आहे. डोर्कस जोनाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "खांब उचल रे. जास्त बोलू नकोस." बरं झालं, बहिणीला तरी पाण्यातलं कळतं.

२८ मार्च

केझिया परत वर गेली होती. सागू करायला जाते म्हणते, उपियाराच्या वाटेवर सागूचं बन आहे. आठवड्यातून दोनदा जाते, डोणीत बसून, कधी डोर्कसला घेऊन, कधी जोनाच्या बायकोला. परत येते तेव्हा गुडघ्यापर्यंत लाल माती. सागूचं पीठ मात्र टोपलीच्या तळालाच असतं.

मी म्हटलं, "एवढा वेळ जाऊन एवढंच?"

"झाड कडक होतं," म्हणाली.

रागावली असेल. मी सभेत तिला विचारलं नव्हतं.

१६ एप्रिल

काल केझियाबरोबर इगाबाला जाऊन आलो. मीच माझ्या पासावर सही केली, शिक्का मारला. धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने पास उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "स्वतःला परवानगी दिलीस वाटतं?" मी म्हटलं, "हो, मागणाऱ्या माणसाची वागणूक चांगली आहे." तो हसला. माणूस वाईट नाही.

मिल्का बरी आहे. तिचा नवरा अकीबा शाळेत कामाला आहे, स्वभावाने शांत आहे. तिच्या घरात फ्रिज आहे, आणि त्यात आम्ही नेलेला जिताडा मावत नव्हता. तिने मला बाजूला घेतलं. "बाबा, आई वाळलीय. तुम्ही दोघं बोलता का?"

म्हटलं, "बोलतो की."

"एनोकविषयी?"

मी म्हटलं, भरतीची वेळ झाली, निघायला हवं.

येताना मधल्या खोल पाण्यावर मी नेहमीप्रमाणे इंजिनाचा वेग वाढवला. केझिया तिथे नेहमी पाण्याकडे बघत बसते. मी समोर बघतो. होडी चालवणाऱ्याने समोरच बघायचं असतं.

९ जून

आता आग्नेयेचा वारा, कोरडी हवा, काम जोरात. पश्चिमेचं टोक छातीएवढं उंच झालं. मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

आज उपियाराचा म्हातारा सोगाले आला. त्यांचा मुखिया म्हणजे तोच. खांद्यावर हरणाची तंगडी, पाय अनवाणी. झुडपातले लोक आमच्याकडे सहसा येत नाहीत. ते आम्हाला चिखलातले खेकडे म्हणतात आणि आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, ही वही जिल्ह्याचे लोक वाचतील. मी त्याला भिंत दाखवली. त्याने खांब हलवून बघितला आणि म्हणाला, "मेहनत केलीस." बस, एवढंच.

मग केझियाने त्याला चहा दिला आणि तो एकटाच कबरींकडे गेला. बराच वेळ तिथे फिरत होता. एकेक कबर बघत, हाताने माती चाचपत. आमच्या कबरींत बघण्यासारखं काय आहे? मी केझियाला म्हटलं, "हा कुणाला शोधतोय?"

"म्हातारा माणूस आहे," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना कबरी बघायला आवडतात."

तंगडी मात्र चांगली होती. कोवळी.

३० जुलै

केझिया चटई विणते आहे. केवड्याच्या पाती उकळून, वाळवून, लाल आणि काळ्या रंगात बुडवून. एवढी बारीक वीण तिने लग्नात सुद्धा केली नव्हती. मी म्हटलं, "ही इगाबाला ने. पर्यटक आले की डोळे मिटून घेतील."

"ही विकायची नाही."

"मग कुणाला?"

तिने पात दातात धरली.

२२ ऑगस्ट

आता कळलं चटई कुणासाठी! अकीबा होडी घेऊन आला होता. मिल्काला दिवस गेलेत, फेब्रुवारीत होईल. मी सुरूच्या झाडाखाली सगळ्यांना ओरडून सांगितलं. डोर्कस नाचली. मी केझियाला म्हटलं, "आणि मला सांगायचं नाहीस! नातवासाठी चटई विणत बसलीस गुपचूप." तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसतं हसली. नंतर स्वैपाकघरात डोळे पुसत होती. आनंदाने बायकांचं असं होतं.

मध्येच तिने एक विचित्र प्रश्न विचारला. "तो कबरींतला सिमेंटचा क्रूस किती जड असेल? चार माणसं उचलतील?"

म्हटलं, "उचलायचा कशाला? भिंत झाली ना तिथे."

१४ ऑक्टोबर

विहिरी खारट झाल्या, दोन्ही. पाऊस अजून लांब आहे. बायका डोण्या घेऊन वर उपियाराच्या झऱ्यावर जातात, सकाळी गेलेल्या दुपारनंतर परततात. पुरुष भिंतीवर आणि बायका पाण्यावर. गाव दिवसभर कोंबड्यांचं.

एक गोष्ट कळत नाही. पाण्याबरोबर हल्ली कोनफळंही येतात. मोठाली, मांडीएवढी. आमच्या खारट मातीत गेली तीन वर्षं अशी झालेली नाहीत. डोर्कसला विचारलं तर म्हणाली, "देव देतो." मी म्हटलं, "देवाचं शेत कुठे आहे?" ती इतकी हसली की तिच्या हातातली घागर कलंडली. सगळ्या बायका हसल्या. मी काय विनोद केला ते मला कळलं नाही.

२ डिसेंबर

आज फार संताप झाला. आधी शांत होतो आणि मग लिहितो.

केझिया काल वर गेली ती परतली नाही. म्हणून सकाळी मीच गेलो. कांदळवन संपलं, खाडी अरुंद झाली, मग चढ. उपियाराच्या अलीकडे मोकळी केलेली जमीन दिसली, एका कडेला नव्याने जाळलेल्या झाडांची राख. तिथे कोनफळांचे वेल काठ्यांवर चढवलेले, ओळीच्या ओळी. आणि त्या ओळींत कोण वाकलेलं? माझी बायको. माझी बहीण. जोनाची बायको. अख्ख्या तुरुबादाच्या बायका! आणि झाडाखाली सोगाले पान चघळत बसलेला.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "घोटभर पाण्यासाठी आमच्या बायकांना राबवतोस? आमच्यावर एवढी वेळ आली का?"

सोगालेने लाल थुंकी टाकली. केझियाकडे बघितलं. "याला काही माहीत नाही?"

"भिंतीत आहे तो अजून," केझिया म्हणाली.

"मग मी सांगणार नाही," तो म्हणाला. "हे तुझं काम."

केझिया मातीचे हात घेऊन माझ्याजवळ आली. "ओबेद, कोणी कुणाला राबवत नाही. तू घरी जा. आज मला तुझ्याशी भांडायचं नाही."

"मग काय करायचंय?"

"पावसाआधी ही ओळ संपवायची आहे."

मी घरी आलो. सगळा रस्ता बोलायला शब्द जुळवत आलो आणि घरी बोलायला कोणी नव्हतं.

२४ डिसेंबर

तिच्याशी बोलत नाही. तीही बोलायला आली नाही, असं नाही. दोनदा आली. दोन्ही वेळा मी भिंतीवर गेलो.

भिंत आता जोनाच्या जिन्यापर्यंत पोचली. पावसाची पहिली सर आली, टाक्या भरताहेत. जिल्ह्याच्या बातम्यांत यंदा मोठं उधाण सांगितलं आहे. येऊ दे.

१९ जानेवारी

भिंत गेली. लिहितो.

सकाळी भरतीच्या मागून वारा आला. पाणी वरून नाही आलं, भिंतीच्या खालून आलं. चिखल उकळल्यासारखा झाला, एक खांब तिरका झाला, मग शेजारचा, मग पूर्ण पश्चिमेचं टोक आडवं झालं. मी म्हटलं होतं पाणी तिथेच आधी खाईल. बरोबर होतं माझं.

गावात सगळे पूर्वेला धावले, सामान उचलायला, म्हाताऱ्यांना उचलायला. कौन्सिलरने तिथे असायला हवं होतं. मी कबरींकडे होतो. क्रूस पडला होता. मी दोन सुटे खांब त्याच्या दोन्ही बाजूंना धरून उभा राहिलो. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. काय करत होतो ते विचारलं तर सांगता येणार नाही. दोन खांबांनी समुद्र अडत नाही, हे मला माहीत आहे.

मग शेजारी कोणी तरी आलं आणि त्याने एक खांब माझ्या हातातून घेतला. जोना. घर गेलेला, वर्षभर मला टोमणे मारणारा जोना. त्याने तो खांब धरला, मी दुसरा, आणि ओहोटी लागेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. पाणी उतरल्यावर म्हणाला, "वाळू गेली, पण तो आहे. मी पायाने चाचपलं. पेटी आहे खाली."

मग म्हणाला, "सुरुवातीलाच सांगितलं असतंस ना, तर मी एवढा बोललो नसतो."

म्हटलं, "काय सांगितलं असतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावरचा चिखल पुसला.

२० जानेवारी

तुरुबादात कोरडी जागा फक्त चर्चची ओसरी. सगळं गाव तिथे. केझिया माझ्याजवळ येऊन बसली, मी उठलो नाही.

ती म्हणाली, "आता ऐकशील?"

मी मान डोलावली.

"वर आपल्या सगळ्यांची शेतं आहेत. प्रत्येक घराची एक. तू पाहिलीस ती. जमीन सोगालेच्या लोकांनी वापरायला दिली, मार्चमध्येच. शेताला ते कधीच नाही म्हणत नाहीत. शेत उसनं असतं. आज दिलं, उद्या परत घेतलं."

"मग वर्षभर काय चाललं होतं?"

"मी शेत मागायला गेलेच नव्हते, ओबेद. मी कबर मागायला गेले होते."

मला काही समजेना. ती हळूहळू बोलत होती, लहान मुलाला सांगतात तसं.

"त्यांच्यात जिथे माणूस पुरला तिथून त्याच्या माणसांना कोणी हाकलू शकत नाही. म्हणून परक्याला ते कबर देत नाहीत. त्यांचे म्हातारे वर्षभर भांडले. काही हो म्हणाले, काही म्हणाले, खेकड्यांना एकदा मुळं फुटली की हटणार नाहीत. सोगाले इथे आला होता आठवतं? तो बघायला आला होता, आपण आपल्या माणसांना कसं ठेवतो ते. परत जाऊन त्याने सांगितलं, ज्यांनी भिंत घरांआधी कबरींना बांधली, ते लोक शेजारी म्हणून चालतील."

मी म्हटलं, "ते ओढीमुळे. पाण्याची ओढ—"

"हो," ती म्हणाली. "ओढीमुळेच."

आणि माझा हात हातात घेतला. "तू त्याला सोडून वर आला नसतास. हे मला पहिल्या सभेत कळलं होतं. म्हणून आधी त्याची जागा केली."

मी किती वेळ रडलो ते माहीत नाही. सगळं गाव तिथे होतं आणि सगळं गाव दुसरीकडे बघत होतं.

२५ जानेवारी

वर बैठक झाली. सोगाले आणि त्याचे म्हातारे एका बाजूला, आम्ही एका बाजूला. त्यातला एक, एका डोळ्याने अधू, मला म्हणाला, "कबर मागता. तुम्ही काय देता?"

हे मात्र बायका ठरवू शकत नव्हत्या. किनाऱ्याची दलदल, चिंबोऱ्यांची बिळं, खाडीचं तोंड, हे माझ्या कुळाचं आहे. वरच्या लोकांना तिथे जाळं टाकायची मनाई माझ्या आजोबांच्याही आधीपासून आहे. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "खाडीचं तोंड तुमचंही. चिंबोऱ्या, जिताडा, शिंपले, जे पकडाल ते तुमचं. माझ्या हयातीपुरतं नाही, कायमचं."

जोनाने माझ्याकडे चमकून बघितलं. पण नाही म्हणाला नाही.

मग मला वाटलं, प्रामाणिक राहायला हवं. म्हटलं, "पास मात्र देता येणार नाहीत. पलीकडे जायचा हक्क तुरुबादाचा आहे. तुमच्यासाठी खोटी सही मी करणार नाही."

सोगाले पान थुंकून म्हणाला, "मागितले कुणी? आम्हाला होडीत मळमळतं."

पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम हसल्या. त्या एका डोळ्याच्या म्हाताऱ्यासकट.

२ फेब्रुवारी

आज एनोकला वर नेलं.

सकाळच्या ओहोटीला खणलं. मी, जोना, पास्टर, आणि उपियाराची दोन माणसं, आपणहून आलेली. पेटीच्या फळ्या कुजून हाताने सुटत होत्या. केझियाने चटई अंथरली. लाल आणि काळी, बारीक विणीची. ती आतमध्ये उतरली आणि तिने त्याला स्वतःच्या हातांनी उचलून चटईवर ठेवलं, एकेक हाड. कोणाला हात लावू दिला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डोकं तू ठेव."

ठेवलं. एकोणिसाव्या वर्षी गेला माझा मुलगा. ओठावर नुकती मिशी येत होती, रोज माझ्या आरशात बघायचा. इगाबाला चटया विकून येताना मधल्या पाण्यात वावटळीने होडी उलटली. हे सगळं मी या वहीत कधीच लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

डोणीत मी त्याला मांडीवर घेऊन बसलो. हलका होता. खाडीच्या दोन्ही काठांवर वरची माणसं उभी होती. कोणी आरडाओरडा केला नाही. डोणी पुढे सरकली की ती माणसं काठाने चालायला लागायची, कांदळाच्या मुळांवरून उड्या टाकत.

वर मीच खणलं. मला दिलं त्यांनी खणायला. आमच्याकडे गुडघ्याएवढं गेलं की खड्ड्यात पाणी भरतं, गेल्या काही वर्षांत आम्ही सगळ्यांना पाण्यातच ठेवलं. इथे कमरेएवढं गेलो, छातीएवढं गेलो. लाल, कोरडी, घट्ट माती. मी खणतच राहिलो. शेवटी सोगालेने वरून हाक मारली, "पुरे रे बाबा, बाहेर कसा येणार?"

हात देऊन त्यानेच मला वर काढलं.

१० मार्च

घरं उभी राहताहेत. गावातले सगळे क्रूस, सगळी माणसं एकेक करून वर येताहेत. माझी शेताची ओळ केझियाने आधीच लावून ठेवली होती, तिच्या ओळीला लागून. तण काढताना मी कोनफळाचा कोंबच उपटला. ती म्हणाली, "तू भिंतच बांध."

पासाचा प्रश्न उरलाच होता. जिल्ह्याचा माणूस आला, पलीकडचा अधिकारीही आला. दोघे ओस पडलेल्या गावात उभे राहून विचारायला लागले, तुरुबादा आता कुठे आहे? डोर्कस म्हणाली, "तुमच्या पायाखाली." मग गावाने ठरवलं की सुरूजवळ उंच खांबांची दोन घरं ठेवायची आणि पाळीपाळीने एक कुटुंब तिथे राहील. दिवा लागेल, चूल पेटेल, पासावर सही तिथेच होईल. जिल्ह्याचा माणूस म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. पलीकडचा म्हणाला, चूल दिसते तोवर माझ्या दृष्टीने गाव आहे. पुढे काय होईल सांगता येत नाही. तूर्त तरी गाव आहे.

मिल्काला मुलगी झाली. अकीबाने निरोप पाठवला. दोघी बऱ्या आहेत.

१८ एप्रिल

खालची पाळी आमची आहे. केझिया सकाळी वर शेतावर गेली होती, मिल्का कधी येणार ते नक्की नव्हतं.

आणि दुपारी होडी आली. मिल्का उतरली, कुशीत गाठोडं. मी चिखलात धावलो, पडलो, उठलो. नात माझ्यावर भुंकल्यासारखी रडली. तोंड केझियाचं आहे, आवाज डोर्कसचा. देव तिचं भलं करो.

मिल्का त्या पश्चिम टोकाकडे चालायला लागली आणि थांबली. तिथे आता काही नाही. पाणी आहे.

"वर नेलं त्याला," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी जाऊ शकते?"

हे तिला कसं सांगायचं म्हणून मी कितीतरी दिवस वाक्यं जुळवत होतो. पासाची हद्द किनाऱ्यापुरतीच आहे. ती पलीकडची झाली. उपियारा पासात बसत नाही. मी कौन्सिलर आहे, मला ठाऊक आहे. मी नुसती नकाराची मान हलवली.

ती जोनाच्या जिन्यावर बसली, बाळाला पाजायला घेतलं. मग म्हणाली, "बरं. मग तुम्ही सांगा. कसा आहे तो तिथे?"

मी खालच्या पायरीवर बसलो. म्हटलं, उंचावर आहे. सकाळचं ऊन आधी त्याच्यावर येतं. माती लाल आहे, कोरडी. शेजारी सोगालेची आई आहे, म्हणजे एकटा नाही. आई शेतावर जाताना त्याच्या जवळून जाते, येताना त्याच्या जवळून येते, आणि त्याला काय काय सांगते ते मला ऐकू येत नाही. तिथून समुद्र दिसत नाही, पण वारा फिरला की वास येतो. मग मला त्याच्या मिशीची आठवण झाली, ती सांगितली. तो माझ्या होडीचं इंजिन खोलून बसला होता आणि एक स्क्रू उरला, ते सांगितलं. ती पाळण्यात असताना तो तिच्या तोंडात चिंबोरीचा पाय घालायचा, ते सांगितलं. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग परत हसायला.

केझिया वरून आली. कोणी तरी तिला निरोप पोचवला असेल. ती जिन्याशी येऊन उभी राहिली, बाळाला घेतलं, आणि माझं बोलणं ऐकून तिथेच थांबली.

भरती लागली. होडी तरंगायला लागली. अकीबा दोरी धरून उभा होता, त्याने एकदा हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारायला आला आणि मला ऐकून परत गेला, दोरी खांबाला बांधून वाळूत बसला.

मी बोलतच होतो.